चारशे एकसष्टावा वेढा

बुधवार, १८ जानेवारी १९६१. भिलाई. विजेच्या मोटारी गुंडाळायचं शॉप, उत्तरेकडचा शेड.

हजर: ट्रेड टेस्ट घ्यायला बाहेरून आलेले साहेब, एक. आमचे फोरमन, एक. रशियन तज्ज्ञ, एक, आणि त्यांच्या दुभाषी बाई. उमेदवार पाच: बिसेन, गजभिये, साहू, पिल्लई आणि मामाजी. टाइमकीपर, म्हणजे मी, वय बावीस. गैरहजर: कोणी नाही.

ही यादी माझ्या अक्षरात आहे आणि अजून माझ्याकडे आहे. सकाळची हजेरी एका रकान्यात, दुपारची दुसऱ्या. दुपारच्या रकान्यात मामाजींच्या नावासमोरची खूण इतरांपेक्षा जाड आहे, कारण पेन्सिल तिथे टेकवून मी थोडा वेळ थांबलो होतो. त्या थांबण्याबद्दल पुढे येईलच. आधी माणूस.

मामाजींचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तो त्यांचाच नियम. मोटारीच्या आत लोखंडाचा जो दंडगोल फिरतो, ज्याच्या खाचांमध्ये तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्याला आर्मेचर म्हणतात. मामाजी आर्मेचर गुंडाळायला बसले की आधी बिडीच्या पुडक्यावरचा कागद फाडून त्यावर स्वतःचं नाव लिहीत, त्याची सुरळी पहिल्या खाचेच्या तळाशी सारत, वर इन्सुलेशनचा कागद घालत आणि मग तार. मी एकदा विचारलं, हे कशाला?

"नाव आतमधे ठेवा लागते, हजेरीबाबू," ते म्हणाले. "बाहेर ठेवलं का कोनी बी हात लावते."

हजेरीबाबू म्हणजे मी. फोरमनचं नाव शेडच्या दारावर पांढऱ्या रंगात होतं. मामाजींचं नाव क्रेनच्या आणि पंपांच्या पोटात मिनिटाला हजार वेळा फिरत होतं. दोघांपैकी मोठा कोण याबद्दल शॉपमध्ये मतभेद नव्हता.

ते नागपूरकडचे. चौथी पास. आधी कापडाच्या गिरणीत, मग रेल्वेच्या कारखान्यात हात बसलेला. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी मामींना, दोन ट्रंका आणि चार कोंबड्या घेऊन ते भिलाईला उतरले आणि बोरसीला एका कौलारू खोलीत राहिले. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची, आणि डोक्याला नेहमी टॉवेल. हे झालं वर्णन. वर्णनाने त्यांचं काही कळत नाही.

कळतं ते मोजण्याने. आमच्याकडचे सगळे वाइंडर एकेका गुंडाळीचे वेढे मोजत. एका गुंडाळीचे चाळीस झाले की पुन्हा एकपासून. चूक झाली तर एकच गुंडाळी वाया. मामाजी तसं करत नसत. बारा गुंडाळ्यांचं आर्मेचर असेल तर ते एकपासून चारशे ऐंशीपर्यंत एका दमात मोजत, तोंडाने, मोठ्याने. मध्ये आकडा हुकला तर कटर घेऊन सगळी तार कापायची आणि पुन्हा एकपासून सुरू. "सुरुवात एकदाच होते," हे त्यांचं म्हणणं. ते शास्त्रीय नव्हतं. पण त्यांनी गुंडाळलेली मोटार परत आली नाही, हे माझ्या रजिस्टरात आहे.

मोजताना त्यांच्याशी बोललं तर उत्तर म्हणून पुढचा आकडा यायचा.

"मामाजी, क्रेनची मोटार झाली का?" फोरमन विचारत.

"दोनशे सोळा."

"झाली का, ते विचारतोय."

"दोनशे सतरा." जरा मोठ्याने.

"चिडता कशाला, संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"दोनशे अठरा," असं, की पुढचा प्रश्न विचारायची हिंमत होऊ नये. फोरमन माझ्याकडे वळून म्हणत, "लिही, संध्याकाळपर्यंत." मी लिहीत असे.

मामींचा अंदाज मात्र पक्का होता. डबा घेऊन आल्या की शेडच्या दाराशी बसून राहत. आकडा ऐकू येईल इतक्या जवळ त्या नसत, पण तार ओढताना मामाजींचा खांदा कसा हलतो ते त्या बघत. "अजून तीसेक हायेत," त्या म्हणत आणि डब्याची कडी काढायला लागत. डबा उघडेपर्यंत मामाजी हात पुसत समोर. पुढे पुढे तर त्या गुंडाळीवर अंगठा फिरवून सांगत, हे इतके झाले. मी दोनदा ताडून पाहिलं. एकदा बरोबर, एकदा एकाने चूक. ती एकाची चूक मामाजींची होती असं त्या म्हणाल्या. मामाजींनी त्यावर वाद घातला नाही.

दुसरं वेड शब्दाचं. आर्मेचर या एका शब्दाचं. चौथी शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्द चावला तर उतारा नसतो. रेल्वेत असताना कुणा तारबाबूने त्यांना सांगितलं की तारयंत्रात कट-कट करणारी लोखंडी जीभ असते, तिलाही आर्मेचर म्हणतात. मामाजींची त्या रात्रीची झोप गेली म्हणे. जे आपण पंधरा वर्षं गुंडाळतोय त्याचं नाव दुसऱ्याच कुणाला कसं?

मग त्यांनी नियम काढला. या शब्दाचा नवा अर्थ आणेल त्याला चहा. जुना आणला तर त्यानेच मामाजींना चहा पाजायचा. अर्थ कुणी दिला, कधी दिला, याची नोंद माझ्या हजेरी रजिस्टराच्या मागच्या पानांवर. मी ती आनंदाने ठेवली. माझ्या आयुष्यातलं ते एकच रजिस्टर जे दोन्हीकडून वाचलं जायचं.

घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकाची ताकद उतरू नये म्हणून त्याच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवतात, ती आर्मेचर. त्याच्याही आधी खाणीतल्या चुंबकाच्या दगडाला लोखंडी टोप्या घालत, चिलखत घालावं तशा, आणि मुळात ते नाव तिथलं. "म्हंजे पयले चिलखत गोट्याले घातलं, मंग आपल्या मोटारीले," मामाजींनी सार काढलं. पिल्लई केबल जोडायचा, त्याने केबलवरचं लोखंडी वेष्टन आणलं. मिशनच्या चर्चमधल्या फादरांनी सांगितलं, रंगीत काचेच्या खिडकीला आतून धरणारे गज. दुर्गच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे मास्तर टेबलफॅन घेऊन आले होते, त्यांच्याकडून बाभळीचे काटे आणि साळिंदराची पिसं असा एक अर्थ मिळाला. तेव्हापासून मामाजी बाभळीखाली सायकल लावायची नाही, ते आर्मेचरचं झाड आहे, असं सांगू लागले. टायर पंक्चर होतो हे कारणही होतंच.

रशियन दुभाषी बाईंनी शेडबाहेर रचलेल्या सळयांकडे बोट केलं. स्लॅब ओततात त्याच्या आतल्या सळया त्यांच्याकडे आर्मेचर, म्हणजे त्यांच्या उच्चारात अर्मातुरा. शिवाय पाइपांचे व्हॉल्व्ह पण अर्मातुरा. मामाजी म्हणाले, दोन अर्थ, दोन चहा. एक बाईंनी घेतला, दुसरा तज्ज्ञांनी, आणि तज्ज्ञ काही न कळता रोज त्या वेळेला येऊन बसू लागले.

विश्वकर्मा पूजेची मूर्ती करायला आलेला बंगाली मूर्तिकार कलकत्त्याला चित्रशाळेत दोन वर्षं शिकलेला. मूर्तीच्या आत बांबू-पेंढ्याचा सापळा असतो, त्याला शाळेत आर्मेचर म्हणायचे, असं तो म्हणाला. हा अर्थ मामाजींनी सर्वात जास्त वापरला, शिवी म्हणून.

"आपल्या फोरमनात देवानं आर्मेचरच नाई टाकलं. साहेब दिसला का इरघळते."

सगळ्यात शेवटी शाळेतल्या संस्कृतच्या गुरुजींनी सांगितलं, की शब्द लॅटिन, अर्थ शस्त्रं आणि चिलखत, पण त्याच्याही मागे जाल तर मुळाचा अर्थ नुसता नीट जोडणं, सांधणं. चाकाचा आपला आरा आहे, तोही काही जण त्याच कुळातला मानतात. मामाजींनी गुरुजींना चहाबरोबर भजी सांगितली. असं दुसऱ्या कुणासाठी झालं नाही.

एकूण अर्थ अकरा. नोंद माझ्याकडे आहे.

आता टेस्ट. बांधकाम संपत आलं होतं. बांधकामाच्या बाजूचे लोक कमी होत होते आणि दर महिन्याला त्यांची यादी निघत होती. ती टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. त्यातून सुटायचा रस्ता एकच, ट्रेड टेस्ट पास होऊन कारखान्याच्या कायम लोकांत जायचं. कायम झालं की क्वार्टर. मामाजींना एकोणपन्नास सुरू होतं, म्हणजे पुढच्या टेस्टला वय आडवं येणार. पास, नाहीतर महिनाअखेर घरी. मामींनी सेक्टरमधली क्वार्टरं बाहेरून पाहून मागच्या अंगणात खुराडं कुठे बसेल तेही ठरवलं होतं.

कामाची चिंता कुणालाच नव्हती. चिंता तोंडी परीक्षेची. साहेब पहिला प्रश्न हमखास विचारणार, आर्मेचर म्हणजे काय? आणि मामाजी सुरू झाले की बाभळीपर्यंत जाणार.

मी एक कार्ड लिहून दिलं. एकच ओळ. मोटारीच्या आत फिरणारा, तारेच्या गुंडाळ्या बसवलेला लोखंडी भाग. आठ दिवस मी त्यांच्याकडून ती ओळ रोज म्हणून घेतली.

"आर्मेचर म्हणजे काय?"

"मोटारीच्या आत फिरनारा, तारेच्या गुंडाळ्या बसवलेला लोखंडी भाग. पन चुंबकाच्या..."

"पण नाही. भाग झाला की थांबायचं."

"बाकीचे दहा कोठी जातीन रे बिचारे?"

"ते माझ्या रजिस्टरात राहतील."

"तुह्या रजिस्टरात लोक मरते," ते म्हणाले. पण कार्ड खिशात ठेवलं.

टेस्टच्या दिवशी वेळ आठ ते चार. बारा गुंडाळ्यांचं आर्मेचर, जाड तार. साडेबाराला भोंगा झाला, बाकीचे जेवायला गेले. मामाजी गेले नाहीत. शेड रिकामा, ते एकटे मोजत होते, आणि मला आठवतं, रिकाम्या शेडमध्ये तो आकडा भजनासारखा वाटत होता. एकला सगळे परत आले. दुपारची हजेरी घ्यायची होती. नियमपत्रकात लिहिलं होतं: उमेदवाराने स्वतः 'हजर' म्हणणे आवश्यक. तीन वेळा पुकारून उत्तर नाही आल्यास गैरहजर आणि टेस्ट रद्द. ते पत्रक मीच टाइप केलं होतं.

बिसेन, हजर. गजभिये, हजर. साहू, हजर. पिल्लई, येस.

मी मामाजींचं नाव पुकारलं.

"चारशे एकोणसाठ," मामाजी म्हणाले.

पिल्लई हसला. मी दुसऱ्यांदा पुकारलं.

"चारशे साठ."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "क्या हुआ? आदमी है कि नहीं?"

"है, साहब."

"तो बुलवाओ उससे."

मामाजींनी वेढा घेतला, तार ताणून धरली आणि माझ्याकडे पाहिलं. "चारशे एकसष्ट," ते म्हणाले, सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून. ते मला सांगत होते की मी इथे आहे, तू खूण कर. समोर तीन फुटांवर बसलेला माणूस मला दिसत होता. पण यादीत 'दिसला' असा रकाना नव्हता. पेन्सिल टेकवून मी थांबलो तो हाच वेळ. साहेब बघत होते. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझी सगळी पत्रकं आजवर बरोबर होती.

मी तिसऱ्यांदा नाव पुकारलं.

"हजर," मामाजी म्हणाले.

गजभियेने हातातली पक्कड खाली ठेवली. शेडमधल्या प्रत्येकाला पुढे काय होणार ते माहीत होतं, साहेब आणि तज्ज्ञ सोडून. मामाजींनी कटर उचलला. फोरमन, ज्यांच्यात आर्मेचर नव्हतं ते फोरमन, साहेबांसमोर पळत आले आणि मामाजींचा हात धरून खालच्या आवाजात म्हणाले, "एकोणीस वेढे राहिलेत हो. अंदाजानं मारा. साहेबाला काय कळतंय?"

"साहेबाले नाई कळत," मामाजी म्हणाले. "मोटारीले कळते."

आणि त्यांनी तार कापली. खाचा मोकळ्या केल्या, सुरळी काढून बाजूला ठेवली, कागद नवे कापले, सुरळी पुन्हा तळाशी सारली. एक. दोन. तीन.

चारला घंटा झाली तेव्हा पाच गुंडाळ्या पूर्ण होत्या आणि सहावी अर्धवट. त्यांनी आकडा तोंडाने म्हटला आणि तार सोडली. मी त्या दिवसाचं सगळं लिहून ठेवलं आहे. तारेचा गेज, साहेबांची येण्या-जाण्याची वेळ, चहाचे कप. तो शेवटचा आकडा लिहिला नाही.

तोंडी परीक्षा तरीही झाली, कारण पत्रकात रकाना होता. साहेबांनी विचारलं, "आर्मेचर क्या होता है?"

दुभाषी बाई कोपऱ्यातून हसून बघत होत्या, आपल्या सळया केव्हा येतात म्हणून. फोरमनने घड्याळ काढून हातात धरलं होतं.

"मोटर के अंदर घूमनेवाला, तार की गुंडी बैठा हुआ लोहे का हिस्सा," मामाजी म्हणाले आणि थांबले.

"बस?"

"बस, साहब. इतना ही है."

मी जन्मात कुणाला इतकं चांगलं शिकवलं नाही.

महिनाअखेरच्या यादीत त्यांचं नाव चौथं होतं. टाइप मी केलं.

मामींनी विचारलं, मधात कोन बोलला? मी दारात उभा होतो, त्यांची राहिलेली हत्यारं पोचवायला गेलो होतो. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"भोंगा वाजला," ते म्हणाले.

"भोंगा? तो तं रोज वाजते."

"त्या दिवशी जास्त वाजला."

तेव्हापासून मामी भोंग्याला शिव्या देतात. कारखान्याचा भोंगा बोरसीपर्यंत वारा असेल तर ऐकू येतो. मेला, माझ्या मानसाची नोकरी खाल्ली, असं म्हणून त्या बोटं मोडतात. मी समोर असलो तर मला चहा देतात.

मामाजींचं म्हणाल तर ते रडत बसले नाहीत. दुर्गला, पद्मनाभपुरच्या रस्त्यावर एक टपरी घेतली आणि विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी गुंडाळू लागले. मालक स्वतःच असल्यामुळे हजेरी नव्हती. मी गेलो की ते आतून ओरडत, "हजेरीबाबू, हजर हाय गा!" गिऱ्हाइकांना वाटे मी कुणी वसुलीवाला आहे. अर्थ देणाऱ्याला चहा चालूच होता, पण बारावा कुणी आणला नाही. एकदा कुणा तरी पुस्तकवाल्याने बाराव्याचा दावा केला. मी रजिस्टर उघडून दाखवलं, तो सातवा निघाला. चहा त्याच्याकडून वसूल झाला.

टेस्टचं ते अर्धवट आर्मेचर भंगारात जाणार होतं. भंगाराची यादी माझ्याकडेच होती, म्हणून ते गेलं नाही. ते माझ्या टेबलाखाली राहिलं, मग माझ्या क्वार्टरात आलं. मी ठरवलं, हे पुरं करून मामाजींना द्यायचं. गुंडाळायला मी तोवर थोडंफार शिकलो होतो. पण सहाव्या गुंडाळीत किती वेढे झालेत ते वरून मोजता येत नाहीत, तार तारेखाली गेली आहे. उलगडून मोजता येतील हे मलाही कळतं. मी त्यांना टपरीवर जाऊन विचारलं.

"किती झाले होते, मामाजी?"

"मले काय मालूम? आकडा वेढ्यासाठी अस्ते, घरी न्यासाठी नाई."

"मग उलगडतो."

"उलगडलेली तार म्हंजे उष्टं पान. थ्याच्यात कोनी जेवत नाई." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मामीले दाखव. थे अंगठा फिरवून सांगते."

"मामी विचारतील, हे तुझ्याकडे कसं."

"इचारतीनच."

"मग काय सांगू?"

"थे तू पाह्य. म्या माझं सांगून टाकलं," ते म्हणाले आणि समोरच्या मोटारीकडे वळले. "एक. दोन."

पुढचा माझा प्रश्न त्यांच्या तीनखाली गेला.

त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मामी बोरसीलाच आहेत, नजर अधू झाली आहे, पण अंगठ्याला नजर लागत नाही. दर सोमवारी मी आठवड्याच्या कामांची यादी करतो. जे झालं ते खोडतो, राहिलं ते पुढच्या पानावर उतरवतो. पहिलं काम मामाजींचं आर्मेचर पुरं करणे. त्याच्यापुढे कंसात: आधी दोन नंबर करणे. दोन नंबर: मामींना सांगणे, भोंगा नव्हता. माझ्या क्वार्टरपासून बोरसी सायकलने पंचवीस मिनिटं. काल सोमवार होता. दोन्ही कामं मी नव्या पानावर उतरवली.